मदत हवी आहे : १२ मीटर गाळ्यासाठी आरसीसी की पोस्ट-टेन्शन बीम?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्याचं बांधकाम काढलंय. खाली माग, वर शिलाई आणि पॅकिंग. मागांच्या मांडणीत मध्ये कॉलम नको, म्हणून बीमचा गाळा, म्हणजे दोन कॉलममधलं अंतर, १२ मीटरचा ठेवलाय.

साध्या आरसीसीत बीमची खोली जवळपास मीटरभर येते, म्हणजे खाली डोक्यावर जागाच उरत नाही. इंजिनिअर पोस्ट-टेन्शन सुचवतात, त्यात अंदाजे ६५० मिलिमीटरमध्ये भागतं. काँक्रीट पुरेसं पक्कं झालं की डक्टमधल्या (बीममध्ये ठेवलेल्या नळीतल्या) स्ट्रँड, म्हणजे पोलादी तारांचे पीळ, जॅकने ताणायच्या आणि मग डक्टमध्ये ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचं, एवढं समजलंय.

खरी धास्ती ग्राउटची आहे. आरसीसीत सळई गंजली की बहुधा तडा दिसतो, पोपडा सुटतो. इथे डक्टमध्ये पोकळी राहिली तर आत काय चाललंय ते बाहेरून कळणारच नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडे पंखा नाहीतर पाइप लटकवायचा झाला की कुणीही ड्रिल घेऊन वर चढतो. स्ट्रँडला बिट लागलं तर? बीमखाली स्ट्रँडची जागा रंगाने आखून ठेवणं पुरतं का?

ताणताना गेजचं रीडिंग आणि स्ट्रँडची वाढ, दोन्हींची नोंद मागणार आहे. आणखी काय मागावं? एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात ग्राउटिंग कुणी केलंय का, पहाटे उरकलंत का? सोलापुरात असं काम प्रत्यक्ष बघायला मिळालं तर फार बरं होईल.