बँकॉक, तैपेई, टोकियो: एकट्या गे पुरुषानं रात्री कुठे जावं, कसं जावं? सल्ला हवा आहे

एकला_पांथस्थ

नमस्कार मंडळी. वय ४१. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदाच एकटा परदेशी निघालोय. बँकॉक ४ रात्री, तैपेई ३, टोकियो ४. येताना क्वालालंपूरला एक रात्र काढावी लागणार, पुढचं विमान सकाळचं आहे.

घरी, ऑफिसात कोणालाच माहीत नाही. आजवर एकाही गे बारमध्ये पाऊल टाकलेलं नाही. क्लबांच्या याद्या वाचून झाल्या, त्या खंडीभर सापडतात. माझं अडतंय ते दुसरीकडेच. दार ढकलून आत गेलो की पुढे काय करायचं? एकटा माणूस बसतो कुठे? नाचता येत नाही, पिणं म्हणजे एखादी बिअर. सगळे पंचविशीतले असतील आणि मी भिंतीला टेकून उभा, हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. शिवाय फोन, पासपोर्ट, तब्येत यांची काळजी आणि हॉटेलात कोणाला आणायचं झालं तर काय नियम असतात, तेही सांगा. प्रश्न बाळबोध असतील, पण विचारायला दुसरं कोणी नाही.

सांजदिवा

प्रश्न अजिबात बाळबोध नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ३८ वर्षांचा होतो. दारावरून तीनदा पुढे गेलो आणि चौथ्यांदा आत शिरलो.

एकच गोष्ट लक्षात ठेवा: लवकर जा. रात्री बाराला गर्दीत शिरणं एकट्या माणसासाठी सगळ्यात अवघड, आणि संध्याकाळी साडेसात-आठला रिकाम्या काउंटरवर बसणं सगळ्यात सोपं. त्या वेळी बारमागच्या माणसाला बोलायला सवड असते. "पहिल्यांदाच आलोय" एवढं त्याला सांगा. माझ्या अनुभवात हे वाक्य कधीच वाया गेलेलं नाही. तो काय कधी सुरू होतं ते सांगतो, शेजारी बसणाऱ्याशी ओळख करून देतो. नंतर गर्दी वाढते, तोवर तुम्ही तिथले झालेले असता.

बँकॉकपासून सुरुवात होतेय हे उत्तम. साला डेंग स्टेशनला उतरा, सिलोम रस्त्यावर सोय ४ ही गल्ली लागेल. दोन्ही बाजूंना बार आणि बाहेरच टेबलं मांडलेली. टेलिफोन पब आणि बाल्कनी हे समोरासमोरचे दोन जुने अड्डे. इथे दार ढकलायचा प्रश्नच येत नाही, खुर्ची ओढून बसायचं. पन्नाशी-साठीतले पुरुष, जोडपी, एकटे असे सगळे असतात. बिअर घ्या आणि तासभर नुसती गल्ली बघा. दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेत आणि कोणी मान वळवून बघत नाही, हे पहिल्यांदा बघताना माझा घसा दाटून आला होता.

नाच बघायचा असेल तर जवळच सोय २ मध्ये डीजे स्टेशन आहे. तिथे गर्दी अकरानंतर जमते आणि ड्रॅग शो, म्हणजे बायकांच्या वेशातल्या पुरुषांचा नाचगाण्याचा कार्यक्रम, असतो. दारावर वय तपासतात, २० पूर्ण लागतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. पाटपोंगच्या रस्त्यावर कोणी कार्ड दाखवत "वर चला, शो फुकट आहे" म्हणाला तर थांबू नका. वर गेल्यावर बिल भलतंच येतं.

निळी_छत्री

सांजदिवांशी सहमत. हॉटेलचं सांगतो. बुकिंग करतानाच दोन माणसांची खोली घ्या. बँकॉकमध्ये काही हॉटेलं पाहुण्यासाठी जादा पैसे घेतात, ते आधी ईमेलनं विचारून ठेवा. रिसेप्शनवर पाहुण्याचं ओळखपत्र ठेवून घेतात आणि तो एकटा खाली आला तर खोलीत फोन करून विचारतात. याचा संकोच करू नका, ही तुमच्याच फायद्याची सोय आहे. ओळखपत्र दाखवायला कां-कूं करणाऱ्याला मी तिथूनच नमस्कार करतो.

अ‍ॅपवरून भेटायचं ठरलं तर आधी व्हिडिओ कॉल, मग बारमध्ये किंवा कॉफीच्या दुकानात भेट, मग पुढचं. ग्राइंडर तिन्ही शहरांत चालतं. जपान आणि तैवानमध्ये नाइनमॉन्स्टर्झवर जास्त लोक सापडतील, आणि तिथे तुमच्या-माझ्यासारख्या भरलेल्या अंगाच्या माणसांना चाहते आहेत, हे आवर्जून सांगतो!

औषधवही

फार्मसीत काम करतो, म्हणून तब्येतीचं माझ्याकडे.

प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी, घेत नसाल तर निघण्याच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी, या तिन्ही तपासण्या झाल्याशिवाय सुरू करू नका. रोज एक गोळी, किंवा गरजेपुरतं घ्यायचं तर संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या एकदम, पहिल्या डोसनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक. संबंध चालू राहिले तर रोज एक चालू ठेवा, शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस होईपर्यंत. हिपॅटायटिस बी असेल तर ही गरजेपुरती पद्धत तुमच्यासाठी नाही. प्रेप फक्त एचआयव्ही रोखतं. सिफिलिस, गोनोरिया त्यानं थांबत नाहीत, म्हणून कंडोम बॅगेत हवेतच. हिपॅटायटिस ए आणि बीची लस आणि मिळाली तर एमपॉक्सची लस घ्या. एमपॉक्सचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं असतात, तारखा आत्ताच मोजा.

कंडोम फाटला, किंवा काय झालं तेच आठवत नाही अशी वेळ आली तर लाजत बसू नका. पेप, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही रोखायला घ्यायची औषधं, ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि कोर्स २८ दिवसांचा. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसचं अ‍ॅनोनिमस क्लिनिक १९९१ पासून नाव न विचारता एचआयव्ही तपासणी करत आलंय, राचादामरी रस्त्यावर, सिलोमपासून जवळच. पत्ता फोनमध्ये टाकून ठेवा.

दोन गोष्टी कडक शब्दांत सांगतो. व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली असेल तर पॉपर्स (क्लबांत छोट्या बाटलीतून हुंगतात ते नशेचं रसायन) हुंगायचं नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. आणि पॉपर्सची बाटली चुकून जपानला नेऊ नका, तिथे त्यावर बंदी आहे आणि ती जवळ बाळगणं हा गुन्हा आहे.

जुना_प्रवासी

यात माझी एक गोष्ट जोडतो. शहर आणि बार सांगत नाही, कारण ते कुठेही घडू शकलं असतं. ग्लास टेबलावर ठेवून मी बाथरूमला गेलो, परत येऊन तोच प्यायलो. पुढचं आठवतं ते थेट एका बंद दुकानाच्या पायरीवरचं, पहाटेचं. फोन नाही, पाकीट नाही, घड्याळ नाही. मोज्यात मात्र हॉटेलचं कार्ड आणि घडी घातलेली एक नोट राहिली होती, बहिणीनं सुचवलेली युक्ती. टॅक्सीवाल्यानं ते कार्ड दिव्याखाली धरून वाचलं आणि मला दारापर्यंत सोडलं.

तेव्हापासून ग्लास सोडून उठलो की तो ग्लास संपला, नवा घेतो. दारूत जी (जीएचबी हे नशेचं द्रव्य) मिसळलं तर शुद्ध हरपते, श्वासही थांबू शकतो. कोणी प्रेमानं थेंब पुढे केला तरी नको म्हणा. सोबतचा माणूस आडवा झाला आणि हलवूनही जागा होत नसेल तर त्याला "झोपू दे" म्हणून सोडून जाऊ नका. कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

हॉटेलचं कार्ड त्या-त्या लिपीत छापलेलं घ्या. बँकॉकचे पर्यटक पोलीस ११५५ वर. तैपेई आणि टोकियोत पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९.

एकला_पांथस्थ

वाचून धीर आला, जुना_प्रवासी यांचं वाचून अंगावर काटाही आला. मोज्यातलं कार्ड पक्कं. टोकियोचं कोणी सांगेल का? शिंजुकु नि-चोमे या तिथल्या गे बारांच्या वस्तीत परदेशी माणसाला आत घेत नाहीत असं ऐकलं.

आठ_खुर्च्या

अर्धं खरं आहे. नि-चोमेमध्ये शेकडो बार आहेत आणि बहुतेक इतके लहान की आठ-दहा माणसांत भरतात. एकाच इमारतीत चार मजल्यांवर दहा पाट्या असतात. काही ठिकाणी फक्त ओळखीची गिऱ्हाइकं घेतात, काही ठिकाणी जपानी येत नसेल तर दारातच हातानं नाही म्हणतात. मनाला लावून घेऊ नका. तिथला मालक रात्रभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, तोच त्याचा धंदा आहे, आणि भाषा नसली तर त्यालाच अवघडल्यासारखं होतं.

शिंजुकु-सानचोमे स्टेशनच्या सी८ दारानं बाहेर पडा. आधी आइरो कॅफे, दाराशी तोरी कमान आहे, लोक बाहेर रस्त्यावर उभे असतात, परदेशी भरपूर. मग ईगल टोकियो, तिथे भरलेल्या अंगाचे, दाढीवाले पुरुष जास्त. या दोन्हीकडे इंग्रजीवर निभावतं. तिथेच कोणाला तरी विचारा, "लहान बारमध्ये नेशील का?" माझं असंच झालं. तिसऱ्या मजल्यावर आठ खुर्च्या. मालकानं बशीत मूठभर शेंगदाणे ठेवले, मागच्या फळीवर गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या गळ्यात अडकवलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या. त्या बशीचे आणि खुर्चीचे पैसे बिलात येतात, ती फसवणूक नव्हे, रीत आहे. एका सत्तरीतल्या गृहस्थांनी फोनवर भाषांतर करत मला विचारलं, "तुझ्या गावात तू एकटाच आहेस का?" उत्तर टाइप करायला मला बराच वेळ लागला.

शेवटची गाडी बाराच्या सुमारास जाते, पुढची पहाटे पाचच्या आसपास. मधल्या वेळात टॅक्सी महाग पडते. कधी निघायचं ते आधीच ठरवा. आणि परदेशी पाहुण्यानं मूळ पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा जपानचा कायदा आहे, तिथे तो हॉटेलात ठेवू नका.

निळी_छत्री

माझं थोडं वेगळं मत. भाषा येत नसताना लहान बारांमागे लागू नये, पहिल्या खेपेला आइरोपुरतं पुरे. दारातून परत फिरायची वेळ आली तर नवख्या माणसाला ते फार झोंबतं. मला झोंबलं होतं.

आठ_खुर्च्या

हेही खरं. म्हणूनच एकट्यानं न जाता कोणाबरोबर तरी जा म्हणतोय.

सांजदिवा

तैपेईबद्दल कोणीच बोललं नाही, आणि पांथस्थ, तुमच्या तारखा बघितल्यात का? तिथला प्राइड, म्हणजे समलिंगी लोकांचा वार्षिक मोर्चा, २००३ पासून निघतो आणि हल्ली ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी असतो. तो शनिवार तैपेईत पडेल असा कार्यक्रम फिरवा. खोली आजच घ्या, नंतर मिळत नाही. मोर्च्यात चालायला कोणाची ओळख लागत नाही. शिमेन स्टेशनजवळ रेड हाउस आहे, १९०८ची अष्टकोनी इमारत. तिच्या मागच्या चौकात गे बार आहेत, बाहेर उघड्यावर बसायचं. नाचाचा धांगडधिंगा नाही, गप्पा. मला तिन्ही शहरांत हीच जागा सगळ्यात प्रिय. तैवाननं २४ मे २०१९ पासून समलिंगी विवाह कायदेशीर केला, आणि चौकातल्या टेबलांवर लग्न झालेली जोडपी सहज दिसतात. मेट्रो मध्यरात्री बंद होते, पण शिमेनजवळच उतरलात तर पायी घरी.

चेहऱ्याची काळजी असेल तर टोपी आणि गॉगल घाला. मोर्च्यात सगळीकडे कॅमेरे असतात आणि फोटो कुठल्या कुठे पोचतात.

काळजीवाहू

क्वालालंपूरबद्दल गांभीर्यानं. मलेशियात पुरुषांमधला संबंध गुन्हा आहे, शिक्षा २० वर्षांपर्यंत तुरुंग आणि फटके. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं स्वॉचच्या इंद्रधनुषी घड्याळांवर बंदी आणली, बाळगलं तरी ३ वर्षांपर्यंत कैद. तेव्हा तैपेईच्या मोर्च्यात मिळालेले पट्टे, बिल्ले, झेंडे टोकियोतच कोणाला तरी देऊन टाका. टोकियोच्या विमानतळावरच अ‍ॅप काढून टाका, गॅलरीतले फोटो कुलूपबंद करा. त्या रात्री कोणाला भेटू नका. विमानतळाजवळ खोली घ्या, जेवा, झोपा. तिथे बार नाहीत असं नव्हे, पण एका रात्रीसाठी एवढी जोखीम कशाला? शक्य असेल तर तिकीटच बदला.

एकला_पांथस्थ

तैपेईहून लिहितोय. तिकीट बदललं, क्वालालंपूर वगळलं, थोडे पैसे गेले.

बँकॉकला सोय ४ मध्ये पहिल्या रात्री पावणेआठला बसलो. "पहिल्यांदाच आलोय" म्हणालो, तर वेटरनं बर्फाची बादली ठेवता ठेवता माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. दोघं २२ वर्षं एकत्र आहेत, जानेवारी २०२५ मध्ये थायलंडात समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाल्यावर लग्न केलं. अकरापर्यंत त्यांच्याबरोबर होतो. डीजे स्टेशनला गेलोच नाही.

आज मोर्च्यात चाललो. टोपी घातली होती, अर्ध्या वाटेवर काढली. पाऊस भुरभुरत होता. आता रेड हाउसच्या मागे बसलोय, समोर एक जण दोन छत्र्या घेऊन उभा आहे आणि मला विचारतोय की कोणती हवी. बाकीचं टोकियोहून लिहितो.