चालते डबलडेकर डबे भाड्याने द्यावेत, विकावेत की सरळ तोडावेत?

सॅनमटेओकर:
कॅलिफोर्नियातल्या कॅल्ट्रेन या लोकलचे जुने डबे पेरूला गेले त्यावरून आमच्याकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली, तिथे नीट लिहिता येईना म्हणून इथे सविस्तर मांडतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : कॅल्ट्रेनची सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे ही लाइन सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्णपणे विजेवर गेली, स्टॅडलर कंपनीच्या नव्या दुमजली गाड्या आल्या आणि डिझेलवरच्या बऱ्याचशा गाड्या मोकळ्या झाल्या. त्यातले ९० डबे आणि १९ इंजिनं लिमा महापालिकेने घेतली, करार झाला सुमारे ६३ लाख डॉलरचा, आणि जुलै २०२५ मध्ये पहिलं जहाज पेरूच्या कायाओ बंदराला लागलं. ग्रुपवर बहुतेकांचं म्हणणं की चाळीस वर्षांचा भंगार माल गरीब देशाच्या गळ्यात मारला.

मला हे अजिबात पटत नाही. कॅल्ट्रेन स्वतः दोनदा दुसऱ्यांच्या डब्यांवर तरली आहे हे लोक विसरतात. २००४ मध्ये बेबी बुलेट ही फास्ट गाडी सुरू झाली तिचे बॉम्बार्डियर कंपनीचे १७ दुमजली डबे सिएटलच्या साउंडर या लोकलच्या ऑर्डरीत जास्तीचे ठरले होते, तिथून घेतले. मग २०१५ च्या आसपास गर्दी इतकी वाढली की पाच डब्यांच्या गाड्या पुरेनात, तेव्हा लॉस एंजेलिसच्या मेट्रोलिंक या लोकलने बाजूला काढलेले १६ डबे साधारण दीड कोटी डॉलर खर्चून आणले आणि गाड्या सहा डब्यांच्या केल्या. म्हणजे डबा दहा लाखाच्या आत पडला. शिकागोच्या मेट्रा या लोकलने २०२१ मध्ये अल्स्टॉम कंपनीला २०० नव्या डब्यांची ऑर्डर दिली ती साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरची, भागाकार करून बघा एका डब्याला किती होतात ते. आणि नवा डबा आज मागितला तर हातात यायला कित्येक वर्षं जातात, तोवर लोकांनी उभ्याने जायचं का? माझं म्हणणं एवढंच की जनतेच्या पैशाने घेतलेला चालता डबा यार्डात गंजता कामा नये, एकाची गरज संपली की तो दुसऱ्या एजन्सीला भाड्याने किंवा विकत मिळालाच पाहिजे.

व्हॅलीतली_वहिनी:
मेट्रोलिंकने ते १६ डबे बाजूला का काढले ते तुम्ही लिहिलंच नाही. आम्ही एलएच्या या बाजूला राहतो त्यामुळे आम्हाला ते विसरता येत नाही. जानेवारी २००५ मध्ये ग्लेनडेलला अपघात झाला, ११ माणसं गेली. सप्टेंबर २००८ मध्ये चॅट्सवर्थला मालगाडीशी समोरासमोर धडक, २५ गेली, आणि तिथे गाडीचं स्वतःचं इंजिनच मागच्या पहिल्या डब्यात घुसलं होतं, बॉम्बार्डियरच्याच. त्यानंतर मेट्रोलिंकने ह्युंदाई रोटेमचे नवे डबे लावले, ज्यांची टोकं धडकेचा जोर स्वतः चेपून झेलतात, बसलेल्या माणसापर्यंत कमी पोचू देतात. आमच्या माणसांसाठी जास्त सुरक्षित डबा हवा म्हणून जुना काढला, आणि तोच जुना डबा चारशे मैलांवरच्या माणसांना चालतो? एजन्सी बदलली म्हणून माणसाच्या जिवाची किंमत कशी बदलते? स्वस्त पडतो म्हणून घ्या असं सांगताना हे पण सांगा लोकांना.

सॅनमटेओकर:
वहिनी, तुमचा मुद्दा गंभीर आहे आणि मी तो टाळणार नाही. पण चॅट्सवर्थला मोटरमन फोनवर मेसेज करत होता आणि लाल सिग्नल तोडून पुढे गेला, मूळ कारण ते. त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी कायदा आला आणि २०२० च्या अखेरपर्यंत पीटीसी म्हणजे सिग्नल तोडला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा कायद्यात येणाऱ्या सगळ्या लाइनींवर बसली. धडकच होऊ न देणं हे डब्याचं टोक मजबूत करण्यापेक्षा जास्त माणसं वाचवतं. आणि त्याच जातीचे डबे टोरांटो, सिएटल, डॅलस, युटा सगळीकडे रोज धावतायत, त्या सगळ्यांना तुम्ही असुरक्षित म्हणणार का?

ओंटारियोचा_अण्णा:
टोरांटोचं नाव निघालं म्हणून लिहितो. हा अष्टकोनी डबा मुळात इथलाच, टोरांटोच्या गो ट्रान्झिट या लोकलसाठी सत्तरच्या दशकात हॉकर सिडली कंपनीने बनवला, ओंटारियोतल्या थंडर बे गावच्या कारखान्यात. मग कंपन्यांची नावं बदलत गेली, यूटीडीसी, बॉम्बार्डियर, आता अल्स्टॉम, पण डब्याचा सांगाडा तोच राहिला. म्हणून तर एका शहराचा डबा दुसऱ्या शहरात जाऊन लगेच जोडता येतो, दारं ब्रेक सुटे भाग सगळं ओळखीचं, मेकॅनिकला नव्याने शिकवायला लागत नाही. भाड्याने देणं-घेणं जमतं ते यामुळे जमतं.

पण मी सॅनमटेओकरांच्या विरोधात आहे, कारण तुमच्या हिशोबात कारखाना कुठेच नाही. एजन्स्या आपापसात जुने डबे फिरवत राहिल्या तर थंडर बेला ऑर्डर कुठून येणार? २०१९ मध्ये तिथल्या ५५० लोकांना, म्हणजे जवळजवळ निम्म्या कामगारांना घरी पाठवायची घोषणा झाली होती, गावच त्या कारखान्यावर जगतं. कारखाना एकदा बंद पडला की हाताला सवय असलेले वेल्डर, फिटर परत गोळा होत नाहीत. आणि तो गेला तर तुमच्या स्वस्तातल्या जुन्या डब्याचे सुटे भाग तरी कोण बनवणार? जुना डबा विकण्यापेक्षा तो कारखान्यात नेऊन आतून नवा करून घ्या, गो तेच करतं, काम थंडर बे आणि नॉर्थ बेला मिळतं आणि डबा आणखी बरीच वर्षं चालतो.

सिएटलचा_पाऊस:
अण्णांचं नूतनीकरणाचं पटलं, पण नुसतं तेवढ्याने भागत नाही, कारण कधी डबे जास्तीचे होतात ते कोणाच्या हातात नसतं. साउंडरचं बघा. गाडी २००० मध्ये टॅकोमाहून सुरू झाली, एव्हरेटची बाजू थेट २००३ च्या डिसेंबरात. रूळ बीएनएसएफ या मालगाडीवाल्या कंपनीचे, त्यांच्याशी बोलणी, सिग्नलची कामं, सगळं लांबत गेलं आणि डबे मात्र येऊन थांबलेले. ते काय पावसात भिजवत ठेवायचे? म्हणून व्हर्जिनियाला, कॅलिफोर्नियाला भाड्याने दिले, काही विकले. भाडं आलं, डबे चालते राहिले. उभा डबा आपोआप नीट राहतो असा लोकांचा समज आहे, तसं नसतं हो, बेअरिंग, ब्रेकचे रबर, बॅटऱ्या, सगळं उभ्याने खराब होतं. मला यात वाईट काहीच दिसत नाही.

पोटोमॅकपलीकडे:
व्हर्जिनियाच्या बाजूने बोलतो. साउंडरचे भाड्याचे डबे इथे आले, शिकागोच्या मेट्राकडून जुने गॅलरी डबे, म्हणजे वरचा मजला गॅलरीसारखा असलेले, विकत आले, आणि त्यावर दिवस ढकलले गेले. अडचणीच्या वेळी ठीक होतं, पण उसनं मिळतंय म्हटल्यावर नव्या डब्यांसाठी पैसे मागायची घाई कुठल्याच राजकारण्याला राहत नाही हे आम्ही जवळून बघितलंय. भाड्याचा डबा मालकाने परत मागितला की द्यावा लागतो, त्याच्यावर टाइमटेबल कसं बांधणार? शेवटी नवे गॅलरी डबे घेतले तेव्हाच बस्तान बसलं. आणि अजून एक, हा व्यवहार हवा तिथे होतच नाही. बॉम्बार्डियरचा डबा जवळपास १६ फूट उंच आहे, न्यूयॉर्कच्या बोगद्यांत तो मावत नाही, खालचा दरवाजा बुटक्या फलाटासाठी आहे आणि न्यूयॉर्ककडचे बरेच फलाट चार फूट उंच. न्यू जर्सीने म्हणूनच बुटका मल्टिलेव्हल डबा वेगळा करून घेतला. त्यामुळे "एकाचा डबा दुसऱ्याला" हे ऐकायला छान आहे, पण अर्ध्या देशाला त्याचा उपयोग शून्य.

वसुली_खातं:
भाड्याचं एवढं कौतुक चाललंय तर त्यातली दुसरी गोष्ट पण येऊ द्या. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर अमेरिकेतल्या बऱ्याच ट्रान्झिट एजन्स्यांनी आपलेच डबे कागदोपत्री बँकांना विकून परत भाड्याने घेतले, बँकेला टॅक्सचा फायदा, एजन्सीला हातात रोख. २००४ मध्ये कायद्याने ते बंद केलं पण जुने करार चालूच राहिले. २००८ मध्ये त्यांची हमी घेणारी एआयजी ही विमा कंपनी गडगडली, तिचं रेटिंग खाली आलं, आणि बेल्जियमच्या केबीसी बँकेने वॉशिंग्टन मेट्रोकडे ४.३ कोटी डॉलर मागितले. एक हप्ता चुकलेला नसताना! प्रकरण कोर्टात गेलं, मग तडजोड झाली. ते डबे मेट्रोचे होते, दुमजली नव्हते, मान्य. पण सार्वजनिक गाडीची मालकी एकदा करारांच्या जंगलात शिरली की काय होतं ते त्यातून दिसतं. भाडेकरार जेवढा साधा दिसतो तेवढा नसतो, वकिलाला विचारून बघा.

एल्बेकाठी:
ते बँकेचे करार आणि इथली चर्चा यांत फरक आहे, मालक कोण हा. मी हॅम्बुर्गला असतो. इथे शेजारच्या लोअर सॅक्सनी राज्याने एलएनव्हीजी नावाची स्वतःची संस्था काढून डब्यांचा साठाच करून ठेवला आहे. २००३ मध्ये मेट्रोनोम ही कंपनी गाड्या चालवायला आली तेव्हा तिने डबे विकत घेतले नाहीत, राज्याचे दुमजली डबे तिला भाड्याने मिळाले. उद्या दुसरी कंपनी टेंडर जिंकली तर डबे तिच्याकडे जातील, प्रवाशाला गाडी तीच. मालक सरकार, भाडेकरू चालवणारा, मधे बँक नाही. अमेरिकेत प्रत्येक काउंटीची वेगळी एजन्सी आणि प्रत्येकाचे वेगळे डबे, म्हणून तुमच्याकडे कोणाकडे जास्तीचे पडून आणि कोणाकडे लोक दारात लटकलेले. सॅनमटेओकरांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते एजन्स्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, असा साठा कोणीतरी अधिकृतपणे धरला पाहिजे.

डोंबिवली_फास्ट_नको:
आमच्याकडे मालक एकच, रेल्वे, त्यामुळे डबा विकायचा प्रश्नच येत नाही, एका झोनमधून दुसरीकडे पाठवतात. सुरतच्या फ्लाइंग राणीचे डबलडेकर २०२३ मध्ये काढले, एलएचबी या नव्या बनावटीचे साधे डबे लागले, संपलं. मला लिमाबद्दल विचारायचंय, कारण मूळ विषय तो होता आणि तो सगळ्यांनी सोडून दिला.

हे डबे ज्या लाइनवर धावायचेत ती लिमा ते चोसिका लाइन महापालिकेची नाही. ती देशाची आणि चालवायला खासगी कंपनीकडे कन्सेशनवर म्हणजे कराराने दिलेली, वरून खाणींचा माल उतरतो तिच्यावरून. दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिमी, कॅलिफोर्नियासारखंच, म्हणजे डबा त्यावर चढेल, पण फलाट, सिग्नल, फाटकं, कारशेड यांचं काय? गाड्या जहाजावर चढल्या तरी तिथल्या परिवहन मंत्रालय आणि महापालिका यांच्यात अभ्यास कुठाय, परवानगी कुठाय यावर वाद चालूच होता. आणि बरोबर गेलेली एफ४० जातीची डिझेल इंजिनं ऐंशीच्या दशकातली, कॅलिफोर्नियाने आपली हवा सुधारायला जी काढली ती आता लिमाच्या दरीत धूर सोडणार. वहिनींनी जिवाच्या किमतीचा प्रश्न विचारला तो मला इथे जास्त लागू वाटतो. आधी रूळ-फलाट, मग डबे, हा क्रम उलटा केला की डबे यार्डात उभे राहतात आणि ते यार्ड कॅलिफोर्नियात आहे का लिमात याने काय फरक पडतो?

सॅनमटेओकर:
डोंबिवलीकर, क्रमाबद्दल पूर्ण सहमत, विकणाऱ्याने निदान एवढं विचारायला हवं की गाडी कुठल्या रुळावर धावणार आणि परवानगी कोणाची. धुराचं मात्र एकांगी वाटतं. एका गाडीत हजार माणसं बसली तर त्या हजारांच्या कॉम्बी (प्रवासी व्हॅन) आणि मिनीबस रस्त्यावरून कमी होतात, तो धूर पण मोजा की. नॅशव्हिलचं उदाहरण आहे, २००६ मध्ये ३२ मैलांची लाइन सुमारे ४.१ कोटी डॉलरमध्ये उभी राहिली, डबे शिकागोचे जुने, इंजिनं अ‍ॅमट्रॅक या देशभर गाड्या चालवणाऱ्या कंपनीची जुनी. नवे डबे घ्यायचे म्हटलं असतं तर त्या पैशात ती झालीच नसती.

पोटोमॅकपलीकडे:
आणि मिनेसोटाची नॉर्थस्टार? २००९ मध्ये सुरू झाली, नवे कोरे बॉम्बार्डियर डबे घेतले, २०२६ च्या जानेवारीत लाइन बंद. फेडरल पैशातल्या डब्याचं आयुष्य किमान २५ वर्षं धरतात, हे सतराव्या वर्षी मोकळे. इथे मात्र मी तुमच्या बाजूने आहे, हे डबे दुसऱ्या सार्वजनिक एजन्सीलाच गेले पाहिजेत, फेडरल परवानगीने तसं करता येतं.

व्हॅलीतली_वहिनी:
जाऊ द्यात, पण अट घालून. ग्लेनडेलला इंजिन मागे होतं आणि कॅब कार, म्हणजे टोकाला मोटरमनची केबिन असलेला प्रवासी डबा, पुढे, माणसं भरलेला डबाच सगळ्यात आधी आपटला. म्हणून जुन्या कॅब कार विकत किंवा भाड्याने देऊच नयेत, घेणाऱ्याने नव्या घ्याव्यात. बाकीचे जुने डबे इंजिनापासून लांब, गाडीच्या मधे लावा. पीटीसी सिग्नल सांभाळते हो, फाटकात अडकलेली मोटार तिला दिसत नाही, आणि ग्लेनडेलला रुळावर मोटारच होती. सॅनमटेओकर, एवढं मान्य असेल तर तुमच्या डबे फिरवण्याला माझा विरोध नाही.