कल्पना खरंच नवीन असते का, की जुन्याचीच जुळवाजुळव?

दांडियाबाजारकर: रविवारी इथे बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या म्युझियममध्ये मुलीला नेलं होतं, रविवर्मांची सरस्वती बघून ती म्हणाली, बाबा ह्यांनी हिला कुठे पाहिलं? मला उत्तरच सुचेना. चार हात, वीणा, मोर, साडी, सगळं तर आधीपासून होतंच, मग चित्रकाराचं स्वतःचं काय?

रावपुरा_७: ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1748 मध्येच सांगितलंय की सोन्याचा डोंगर कोणी पाहिलेला नाही पण सोनं पाहिलंय, डोंगर पाहिलाय, मन दोन्ही जोडतं. मला हे पटतं. पण जोडणं म्हणजे किरकोळ काम नाही हं, माझी आजी तेच अकरा ठिपके घालायची आणि दर दिवाळीला बोट कुठे वळेल ते तिलाही आधी माहीत नसायचं, रांगोळी वेगळीच यायची.

मांजलपूरची: जर्मन तत्त्वज्ञ कांट पण बघा, तो म्हणतो समोरची वस्तू सलग दिसते त्यातसुद्धा कल्पनाशक्ती काम करत असते. म्हणजे चित्रकाराचीच नाही, आपलीही.

सयाजीबाग: आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्र लिहिणाऱ्या राजशेखराने दहाव्या शतकाच्या आसपास प्रतिभेचे दोन प्रकार केलेत, रचणाऱ्याची कारयित्री आणि रसिकाची भावयित्री. तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारला ना ती भावयित्रीच आहे, तिला उत्तर देऊ नका, खडू द्या.

दांडियाबाजारकर: दिलाय. ओट्यावर सरस्वती काढतेय, मोराऐवजी आमच्या गल्लीतली खार आहे.