यंत्रमागावरची संरक्षक सळई कोणी काढली, आणि भरपाई कोणी द्यायची?

मूळ मांडणी : निवृत्त जॉबर (मागांची जुळणी-दुरुस्ती पाहणारा), पूर्व भाग, सोलापूर

धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर ये-जा करणारा भाग, उडून यंत्रमाग कामगाराच्या डोळ्याला इजा झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : धोट्याला अडवणारी मागावरची संरक्षक सळई कोणी काढली? उत्तर बहुतेक वेळा ‘कामगारानेच’ असे मिळते आणि ते खोटेही नसते. तुटलेला धागा फणीतून ओढून घेताना ती सळई हाताच्या आड येते. मजुरी नगावर असल्यामुळे माग बंद राहिलेला वेळ कामगाराच्याच पदरातून जातो, आणि एकाच वेळी अनेक माग सांभाळणारा माणूस एकदा काढलेली सळई पुन्हा बसवायला जात नाही.

कर्मचारी भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी तरतूद आहे की, कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढल्याचे सिद्ध झाल्यास मालकाला भरपाई नाकारता येते. मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर मात्र हा बचाव चालत नाही. आता गंमत पाहा : दुसरा डोळा शाबूत असेल तर एक डोळा गमावणे हे संपूर्ण अपंगत्व ठरत नाही, कोष्टकानुसार कमाईची क्षमता ४० टक्के घटली असे धरले जाते. म्हणजे ज्या अपघाताची मागावर सर्वांत जास्त धास्ती असते, नेमका तोच या पळवाटेत सापडतो. जेथे मजुरी नगावर आहे तेथे हा बचाव मालकाला मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड

आपल्या अनुभवाचा आदर राखूनही ही मांडणी मला एकांगी वाटते. सळई बसवून दिली, सूचना दिली, पर्यवेक्षक नेमला. तरीही पाठ वळताच ती काढली जात असेल, तर त्याचा भुर्दंड मालकाने का सोसायचा? मालकाला जिवाची पर्वा नसते, असा सूर अशा चर्चांत नेहमी लागतो. १८ मे २०२५ रोजी आमच्याच एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली तेव्हा कामगारांबरोबर मालक आणि त्याच्या घरची माणसेही गेली, कारण ते त्याच आवारात राहत होते. धोका मालकालाही असतो. खरा उपाय रॅपिअर मागांचा आहे, कारण त्यात धोटाच नसतो. परंतु ते घेण्याची ऐपत किती जणांची आहे?

प्रतिसाद : कामगार कायद्याचा सल्लागार

दोघांच्याही म्हणण्यात एक महत्त्वाची बाब सुटली आहे. कामगार राज्य विमा योजनेत कामगाराची नोंद असेल, तर अपंगत्वाचा लाभ महामंडळ देते. त्या योजनेत, नियम मोडून केलेले कृत्यही मालकाच्या धंद्याच्या कामासाठी केलेले असेल, तर तो अपघात कामावरचाच मानला जातो. धागा जोडण्यासाठी सळई काढणे हे कामासाठीच केलेले कृत्य होय. तेव्हा नव्या तरतुदीची मागणी करण्यापूर्वी विम्याची नोंदणी पूर्ण करून घ्यावी. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी ती बंधनकारकच आहे.

प्रतिसाद : यंत्रमाग कामगार

नोंदणीसाठी आधी हजेरीपटावर नाव असावे लागते. एकाच शेडमधले माग घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या नावावर दाखवले की प्रत्येक नावाखाली माणसे दहाच्या आत राहतात, हे येथे नवीन नाही. कारखानदार साहेबांनी सूचना दिल्याचे लिहिले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात सूचनाफलक इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावण्याची अट होती. आमच्या शेडमध्ये निम्मी माणसे घरी तेलुगू बोलतात, पण तेलुगू फलक मी अद्याप पाहिलेला नाही. आणि रॅपिअर माग आले की तेवढ्याच कापडाला कमी माणसे लागतात, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे होते.

उत्तर : निवृत्त जॉबर

आगीचे उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. मालक स्वतः तेथे राहत असूनही जीव वाचले नाहीत, याचा अर्थ एवढाच की चांगल्या हेतूवर सुरक्षितता सोडून भागत नाही. बाहेरच्या माणसाने येऊन तपासणी करावीच लागते. त्याच १९४८ च्या कायद्याने, यंत्र चालू असताना संरक्षक आवरण सतत जागेवर राहिले पाहिजे, असे म्हटले होते. ते बसवून दिले की जबाबदारी संपली, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. विम्याचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र ज्याचे नाव पटावर नाही त्याच्यासाठी माझी मागणी कायम राहते.

प्रतिसाद : टॉवेल कारखानदार

तेलुगू फलकाची सूचना रास्त आहे आणि ती मी अमलात आणीन. धागा जोडण्याच्या वेळेचा भत्ता देण्याचीही माझी तयारी आहे, परंतु खरेदीदार टॉवेलमागे दर वाढवायला तयार नाहीत, तोवर तो किती द्यावा याला मर्यादा राहणारच.

उत्तर : निवृत्त जॉबर

भत्ता ठरेपर्यंत निदान सळई तरी बिजागरीवर बसवावी : माग थांबवला की ती वर उचलता यावी आणि खाली आल्याखेरीज माग सुरू होऊ नये. म्हणजे धागा जोडायला ती काढण्याचे कारणच उरणार नाही. हे काम आपल्याकडच्या कोणत्याही चांगल्या फिटरला जमण्याजोगे आहे, आणि त्याचा खर्च मालकाने करावा.