तुकड्यातुकड्याने फाइल वाचताना गावांची नावे फुटतात

प्रश्न (काटापट्टी, नांदेड)

नवा मोंढ्यातील एका आडत दुकानाच्या पावत्यांची वेबसाइट मी नोडजेएसवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) सांभाळतो. पावत्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली) फाइल आता ९०० एमबीच्या घरात गेली असून ती एकदम मेमरीत घेणारा जुना कोड १ जीबी रॅमच्या संगणकावर बंद पडू लागला, म्हणून मी फाइल तुकड्यातुकड्याने वाचणारे क्रिएटरीडस्ट्रीम वापरू लागलो. तेव्हापासून काही गावांची नावे फुटतात. 'अर्धापूर'मध्ये मधेच काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्हे दिसतात. नव्या नोंदी फाइलच्या वरच्या बाजूस येत असल्याने फुटणारी गावे रोज वेगळी असतात. रॅमही हळूहळू भरतेच. शिवाय वीज गेल्यावर काम पुन्हा चालवले की पावत्या दुबार चढतात.

उत्तर (गोदाकाठ)

आपण बहुधा प्रत्येक तुकड्यावर थेट टूस्ट्रिंग (बाइटचा मजकूर करणारे फंक्शन) चालवत आहात. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ती मात्रा असो वा हलन्त, ३ बाइट घेते. 'अर्धापूर' या शब्दाची ८ चिन्हे म्हणजे २४ बाइट होतात. क्रिएटरीडस्ट्रीमचा तुकडा मुळात ६५,५३६ बाइटचा असतो आणि त्याला अक्षर कुठे संपते याची काहीच कल्पना नसते. 'ध'चा १ बाइट एका तुकड्यात आणि २ दुसऱ्यात गेले की ३ प्रश्नचिन्हे उमटतात. २ आणि १ असे विभागले तर २ उमटतात. आपल्या फाइलमध्ये असे सुमारे १४,४०० सांधे आहेत, आणि त्यांतील बरेचसे अंकांवर किंवा स्वल्पविरामांवर पडत असल्यामुळेच नुकसान मोजके दिसते. इंग्रजी मजकुरात हा दोष कधीच उघड होत नाही, म्हणून तयार नमुन्यांत तो सर्रास आढळतो. सेटएन्कोडिंग करून यूटीएफ-८ सांगितल्यास अपुरे बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवले जातात. ओळीओळीने वाचणारे रीडलाइन वापरल्यास हे आपोआप होते आणि तुटलेल्या ओळी जोडण्याचे कामही वाचते.

उत्तर (रात्रपाळी, परभणी)

रॅम भरण्याचे कारण निराळे असावे. प्रत्येक तुकडा आल्यावर चालणारे 'डेटा' या इव्हेंटचे फंक्शन असिंक केले आणि आत अवेट ('काम संपेपर्यंत थांबा') लिहिले, तरी प्रवाह त्यासाठी थांबत नाही. काट्यावर वजन चालू असताना हमालांनी पोती आणून टाकतच राहावीत, तशा नोंदी साचतात. त्याऐवजी फॉर-अवेटने, म्हणजे आधीचे काम संपल्यावरच पुढची ओळ घेणाऱ्या लूपने, ओळी घ्याव्यात आणि हजार-हजार नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या चढतील किंवा एकही नाही, अशा खेपेत) चढवाव्यात. वीज गेलीच, तर अर्धवट राहिलेली खेप डेटाबेस स्वतःच रद्द करील.

दुबार नोंदींसाठी दुकानाचे वर्ष आणि पावती क्रमांक यांवर मिळून युनिक निर्बंध (तीच जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारणारा नियम) घालावा व पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये दुबार नोंद आल्यास काय करायचे ते सांगणारे 'ऑन कॉन्फ्लिक्ट' वापरावे. ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनमधील आज्ञेपुढे फ्लॉक (कुलूप लावणारी आज्ञा) लावल्यास पहिली फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होणार नाही.

काटापट्टी

नावे सुधारली आणि रॅमही स्थिर आहे. मात्र युनिक निर्बंध घालताच प्रत्येक नोंदीचा पावती क्रमांक रिकामा येत असल्याचे उघड झाले. पहिल्या स्तंभाचे शीर्षक डोळ्यांना बरोबर दिसते, पण जुळत नाही.

गोदाकाठ

फाइल एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन झाली असेल, तर तिच्या आरंभी बीओएमचे (मजकूर यूटीएफ-८ असल्याची खूण) ३ अदृश्य बाइट असतात आणि ते पहिल्या शीर्षकाला चिकटतात. सेटएन्कोडिंग किंवा रीडलाइन ते काढत नाही, टेक्स्टडिकोडर काढतो. आपल्याला केवळ पहिल्या ओळीचे पहिले चिन्ह तपासून वगळले तरी पुरेल.