कपाटामागचा चौकोन : भारी आणि स्वस्त रंग एकाच खोलीत वापरल्याचे अनुभव

माजघर
गेल्या रविवारी डोंबिवलीला आईकडे रंगकामाआधीची आवराआवर करताना आम्ही बाहेरच्या खोलीतले लोखंडी कपाट सरकवले आणि त्यामागे कपाटाच्याच मापाचा फिकट पिवळा चौकोन उघडा पडला. १९९६ साली बाबांनी दिसणाऱ्या भिंतींना प्लॅस्टिक पेंट लावून घेतला होता आणि कपाटामागे आधीचे डिस्टेंपर तसेच ठेवले होते, कारण ‘कपाटाला काय दिसतंय!’ हा त्यांचा युक्तिवाद होता. चौकोनावरून बोट फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागली, ते अपेक्षितच होते. पण कडेला, जिथे प्लॅस्टिक पेंट वीतभर डिस्टेंपरवर चढला होता, तिथे नख लावताच लांबलचक पापुद्रा सुटून आला आणि त्याची पाठ पिवळी होती. बाकीची भिंत अजून धड आहे.

आता रंगाऱ्याने दिलेल्या अंदाजात भिंतींना एका कंपनीचे भारी इमल्शन (म्हणजे पाण्यातला भिंतीचा रंग), छताला दुसरीचे स्वस्तातले आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, तिसरीचाच आहे. आपल्यापैकी कोणी असे केले असल्यास ते कसे टिकले, हे कृपया लिहावे.

सांगलीचे दुकान
आमचा रंगाचा व्यवसाय आहे, त्यामुळे पापुद्र्याची पाठ पिवळी होती हे वाचताच उलगडा झाला. डिस्टेंपरमध्ये खडूची पूड भरपूर आणि ती धरून ठेवणारे चिकट द्रव्य बेताचे असते. वर दिलेला प्लॅस्टिक पेंट वाळताना आक्रसतो आणि खालचा भुसभुशीत थर भिंतीवरून ओढून काढतो. बाकीची भिंत टिकली, म्हणजे त्या रंगाऱ्याने ती खरवडून, घासून आणि प्रायमर देऊन घेतली असणार. स्वस्त इमल्शनमध्येही पूड जास्त आणि चिकट द्रव्य व टिटॅनियम डायऑक्साइड (खालचे झाकणारे पांढरे रंगद्रव्य) कमी असते, पण ते भिंतीला घट्ट धरून असेल तर त्यावर कोणत्याही कंपनीचे भारी इमल्शन खुशाल द्यावे. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी आणि तिच्या पाठीला पूड आली, तर आधी खरवडणे आले. एका कंपनीचा पाण्यातला प्रायमर दुसरीच्या इमल्शनखाली चालतो, आम्ही रोज तसे देतो. दोन कंपन्यांचे रंग एकाच बादलीत मात्र ओतू नयेत.

अर्धा डबा
एका बादलीत आम्ही ओतले नाहीत, पण एका भिंतीवर ओतले, ही त्याची कहाणी. कोथरूडच्या घरात शेवटची भिंत निम्मी झाली असताना रंग संपला आणि त्या कंपनीचा डबा दोन दिवस मिळणार नव्हता. जवळच्या दुकानदाराने दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात तोच शेड क्रमांक शोधून, त्याच्या जवळ जाणारी छटा आपल्या स्वस्त बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, घोटून दिली. दुकानातल्या दिव्याखाली झाकणावरचा ठिपका आणि आमचा नमुना इतके सारखे दिसत होते की मीच रंगाऱ्याची समजूत घातली. भिंत वाळल्यावर दिवसा काहीच कळले नाही. संध्याकाळी ट्यूबलाइट लावताच भिंतीच्या मधोमध उभी रेघ उमटली, कारण एका बाजूला मंद चकाकी होती आणि दुसरी बाजू पिठासारखी कोरडी दिसत होती. प्रत्येक कंपनीचा बेस आणि रंगद्रव्ये वेगळी असल्यामुळे छटा जुळली तरी तिचे तेज जुळत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर मी दोन दिवस थांबलो असतो. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सबंध भिंत पुन्हा रंगवावी लागली.

कढीपत्ता
आमच्याकडेही अशी रेघ आहे आणि तिच्यावर गेली चार वर्षे कालनिर्णय लटकत आहे. डिसेंबरअखेर जुने काढून नवे लावेपर्यंतच ती दिसते.

वरचा मजला
थोडे अवांतर वाटेल, पण विषयाला धरूनच आहे. आमच्या रंगाऱ्याने ‘ब्रँड मिसळलेत तर जबाबदारी माझी नाही’ असा धाक घातला, म्हणून छतासकट सगळे एकाच कंपनीचे घेतले. बादली उघडताच त्याने बाही कोपरापर्यंत सारली, रंगात हात घातला आणि तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले टोकन काढून, पुसून खिशात ठेवले. बादलीमागे मिळणाऱ्या त्या बक्षिसाबद्दल मला राग नाही, कारण काम त्याने उत्तम केले. परंतु आग्रह कशापायी आहे, हे घरमालकाला ठाऊक असावे.

टेम्सकाठ
इंग्लंडमध्ये हाच वाद डॉर्सेटच्या फॅरो अँड बॉलवरून चालतो, कारण त्यांच्या डब्याच्या किमतीत साध्या रंगाचे दोन-तीन डबे येतात. त्यांची ‘एलिफंट्स ब्रेथ’ नावाची छटा, म्हणजे अक्षरशः हत्तीचा श्वास, मी एका मोठ्या दुकानाच्या यंत्रावर स्वस्त रंगात जुळवून घेतली आणि पाहुण्यांची सबंध खोली त्यात रंगवली. ती छान दिसते. मग तोच उरलेला रंग मी दिवाणखान्यातल्या मूळ रंगावरचे ओरखडे झाकायला वापरला. मूळ इस्टेट इमल्शनची चमक फक्त २ टक्के आणि माझ्या डब्यातल्या रंगाची त्याहून अधिक असल्यामुळे प्रत्येक ओरखड्याच्या जागी आता गोगलगाय चालून गेल्यासारखा डाग आहे. चूक सर्वस्वी माझीच.

चिरेबंदी
राजापूरजवळ आमचे चिऱ्याचे घर आहे. गणपती तोंडावर आले म्हणून श्रावणात, भर पावसात, आम्ही माजघराला बाजारातला सर्वांत महाग रंग दिला आणि खालच्या थरांत काटकसर केली. गौरी जेवल्या त्या दिवशी भिंतीवर पुऱ्यांसारखे फुगे आले होते. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि भारी रंगाचा अखंड पडदा तिला अडवतो. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, भिंत पूर्ण सुकल्यावर, वडिलांनी मधल्या दर्जाचा रंग लावून घेतला, तो अजून आहे.

त्रैराशिक
मूळ प्रश्नातल्या छताचा हिशेब कोणीच केलेला नाही, म्हणून करतो. १० बाय १२ ची खोली आणि १० फूट उंची धरली तर भिंती ४४० चौरस फूट होतात आणि दारे-खिडक्या वजा जाता साधारण ३८० उरतात. छत १२० चौरस फूट आहे. भारी इमल्शन माझ्या अनुभवात दोन हातांसाठी लिटरला १२० चौरस फुटांच्या आसपास जाते. म्हणजे छताला लागतो एक लिटर आणि वाचतो त्या एका लिटरच्या किमतीतला फरक. स्वस्त रंग झाकायला कमी पडून तिसरा हात द्यावा लागला, तर वाचलेले पैसे मजुरीत जातात.

कढीपत्ता
छताला कोणी हात लावत नाही आणि त्याला धुवायचेही नसते, त्यामुळे तिथे स्वस्त रंग आम्हाला पुरला. स्वयंपाकघर मात्र वगळावे, कारण गॅसवरच्या छतावर फोडणीचा चिकट थर बसतो आणि तो पुसताना रंगच फडक्यावर येतो.

वरचा मजला
दारे आणि ग्रिल यांच्या ऑइल पेंटचे एक राहिले. घरगुती रंगांत शिसे दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. घरात लहान मूल असल्यास स्वस्तातला बिननावाचा डबा घेऊ नये, आणि १९९६ च्या दारावरचा रंग, शिशाची धूळ उडू नये म्हणून, कोरडा न घासता पाणी लावून घासावा.

माजघर
सर्वांचे आभार. प्रायमर तिसऱ्या कंपनीचा राहील, छत आणि भिंती एकाच कंपनीच्या होतील. आईने सर्व प्रतिसाद वाचून घेतले आणि कपाटामागेही भारीच रंग द्यायचा असे ठरवले, कारण ते कपाट पुन्हा सरकवायला आता घरात कोणी नाही. त्या चौकोनासाठी वेगळा एक लिटर मागवावा काय?

त्रैराशिक
कपाट साडेसहा बाय तीन फूट धरले तर सुमारे २० चौरस फूट होतात. पाव लिटर पुरून उरेल.

सांगलीचे दुकान
परंतु आधी ते डिस्टेंपर खरवडा.