लसीकरणाचा संदेश मोबाइलवर जातो, तरी बाळ सत्राला का येत नाही?

प्रश्न: समुदाय आरोग्य अधिकारी, बीड जिल्हा

आमच्या उपकेंद्रात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस बहुतेक बाळांना वेळेवर मिळतात. गळती लागते ती त्यानंतर. चौदा आठवड्यांनंतर थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस व बूस्टर, एवढ्या मोठ्या खंडात तारीख घरच्यांच्या ध्यानातून जाते. त्यातच दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि बाळेही आईबरोबर जातात. यू-विन या सरकारच्या लसीकरण नोंदणीच्या पोर्टलवर नोंद असलेल्या पालकांना आठवणीचे संदेश जातात, तरीही ड्यू लिस्टमध्ये (डोस देणे बाकी असलेल्या बाळांच्या यादीत) तीच नावे महिनोन्‌महिने राहतात. या संदेशांचा खरोखर उपयोग व्हावा यासाठी कोणी काही वेगळे करून पाहिले आहे का?

उत्तर: आरोग्यसेविका

सर, आधी नंबर तपासा. गेल्या वर्षी मी ड्यू लिस्ट समोर ठेवून एकेक नंबर लावून पाहिला, तेव्हा काही नंबर बंद निघाले, बरेचसे बाळाच्या वडिलांचे होते आणि दोन तर आमच्या आशाताईंचेच होते, कारण नोंदणीच्या वेळी घरात फोनच नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत स्वतः वापरत असलेला मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात 54 टक्के होत्या, म्हणजे संदेश आईलाच मिळाला असेल हे गृहीत धरता येत नाही. आता मी माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोपऱ्यात नंबराशेजारी तो कोणाचा आहे हेही लिहिते (‘सासरे’, ‘आत्या’, ‘मुकादम’) आणि कार्ड परत देण्यापूर्वी तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन खात्री करते.

उत्तर: सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील संशोधक

संदेशाकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही पाहायला हवे. पश्चिम केनियातील 152 गावांत झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कोणताही संदेश न मिळालेल्या गटातील 82 टक्के बालकांचे, केवळ संदेश मिळालेल्या गटातील 86 टक्के बालकांचे, तर संदेशासोबत प्रत्येक वेळेवरच्या डोसमागे 200 शिलिंग मिळालेल्या गटातील 90 टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले. यांपैकी केवळ संदेशाने पडलेला फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर ठाम ठरला नाही.

याहून महत्त्वाचा मला राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचा अभ्यास वाटतो, जो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मोबाइलचा संबंधच नव्हता. ठरल्या दिवशी सत्र नक्की भरेल एवढीच व्यवस्था केल्यावर पूर्ण लसीकरण, अशी व्यवस्था नसलेल्या गावांतील 6 टक्क्यांच्या तुलनेत, 18 टक्के दिसले आणि त्याला किलोभर डाळीची जोड दिल्यावर 39 टक्के. एखादी आई संदेश वाचून मैलभर चालत आली आणि उपकेंद्राला कुलूप दिसले, तर पुढच्या संदेशावर तिने विश्वास का ठेवावा?

उत्तर: अंगणवाडी सेविका, आईवडील ऊसतोड कामगार

फडावर पहाटेपासून तोडणी चालते आणि गाडी भरायची वेळ आपल्या हातात नसते, त्यामुळे दुपारी आलेला लेखी संदेश कोणी उघडत नाही. आमच्या बोलीतला, कानाने ऐकता येणारा आवाजी संदेश संध्याकाळी आला, तर तो पालावर चौघांच्या कानी पडतो. त्यात तारखेखेरीज तीन गोष्टी सांगाव्यात: लस जिथे असाल तिथल्या सरकारी केंद्रात मोफत मिळते, उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत, राहिलेलेच द्यायचे असतात, आणि पेंटा (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीनंतर एखाददुसरा दिवस ताप येऊ शकतो. उशीर झाला म्हणून सिस्टर रागावतील या धास्तीने घरी बसलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

मात्र एका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जातात, त्यावर फोनकडे उत्तर नाही. त्यासाठी लस फडावरच न्यावी लागेल.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक कार्डावरचा नंबर लावून पाहीन आणि मुकादमाचा नंबर व कारखान्याचे नाव लिहून घेईन. कारखाना कळला की त्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राला बाळांची यादी आधीच पाठवता येईल, म्हणजे फडावरच्या सत्राची मागणी नावानिशी करता येईल. नऊ महिन्यांचा डोस हंगामातच येणारी बाळे या यादीत सर्वांत वर असतील.